घट्ट बसलेली वायर

रस्त्याकडेचा खांब मधोमध कापला जातो आणि त्याचा वरचा तुकडा बोटभर बाजूला सरकतो, हे आमच्या घरात फक्त मला खुपायचं. माझी बायको रोहिणी चष्मा पुसून माझ्या खुर्चीमागे उभी राहायची, पाच मिनिटं स्क्रीनकडे बघायची आणि म्हणायची, "ट्रक छान चालवताय हो, पण फाटलंय काय ते काही कळत नाही." मुलगी स्नेहा म्हणायची, "मला दिसतं पप्पा, पण एवढं काय त्यात." एवढं काय त्यात, हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. एकतीस वर्षं मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. शाफ्ट तपासायचे, बरोबर असेल तो पुढे, चूक असेल तो मागे. केसाएवढी रेघ दिसली तरी मी लाल टॅग लावायचो, आणि प्रॉडक्शनवाले रोज तेच म्हणायचे, पगारे, एवढं काय त्यात. एवढ्यातच सगळं असतं, हे त्यांना कळायला माल परत यावा लागायचा.

रिटायर झाल्यावर पहिले तीन महिने मी घरातल्या वस्तू तपासल्या. पोळ्यांची जाडी, दूधवाल्याचं माप, सोसायटीच्या टाकीची पातळी. शेवटी रोहिणीनेच स्नेहाला सांगितलं की यांना कशात तरी गुंतव, नाहीतर मी माहेरी जाते. स्नेहाने तिचा कॉम्प्युटर माझ्या ताब्यात दिला आणि त्यात ट्रक चालवायचा एक गेम टाकून दिला. परदेशातले रस्ते, परदेशातला पाऊस, अठरा चाकांचा ट्रक. मी सिग्नल पाळतो, इंडिकेटर देतो, ठरलेल्या वेगाच्या वर जात नाही. स्नेहा हसते, पण तीन महिन्यांत माझ्या ट्रकला एक ओरखडा नाही. दुपारी चहा झाला की मी बसायचो आणि सहाच्या सुमारास उठायचो. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझी चूक काढत नव्हतं आणि मीही कोणाची काढत नव्हतो, फक्त ती रेघ सोडून. वळण घेतलं की स्क्रीनवर आडवी चीर पडायची. वरचं चित्र एका जागी, खालचं दुसऱ्या जागी. सेटिंगमध्ये एक उपाय होता, तो मी लावून पाहिला. चीर गेली, पण स्टेअरिंग फिरवलं की ट्रक विचार करून वळायला लागला. ते मला त्याहून असह्य झालं.

त्याच सुमाराला स्नेहाने अश्विनचं नाव घेतलं. स्नेहा अठ्ठावीस वर्षांची आहे, रक्तपेढीत टेक्निशियन आहे, आणि फारसं बोलत नाही. जेवताना भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, "पप्पा, मला एका मुलाशी लग्न करायचंय. कॅनडा कॉर्नरच्या चौकात त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे." मी विचारलं, ओळख कशी झाली. म्हणाली, कॉम्प्युटर त्याच्याकडूनच घेतला होता ना. मग माझ्या डोक्यात एकदम हिशेब जुळला. गेल्या दोन वर्षांत हा कॉम्प्युटर सात-आठ वेळा दुरुस्तीला गेला होता. एवढा तो बिघडत होता, की बिघडवला जात होता? मी तिला हे विचारलं तेव्हा ती लाजली, आणि रोहिणीने माझ्या ताटात दुसऱ्यांदा मीठ वाढलं. मी समजायचं ते समजलो. मुलाची सुरुवातच अशी असेल तर पुढे काय, असं मनात आलं.

अश्विन गांगुर्डे घरी आला तो बाहेर बूट सरळ लावून, हात जोडून, "जय भीम काका" म्हणत आला. मूळचे विंचूरचे. वडील पुंजा गांगुर्डे तिथल्या कांदा मार्केटला मापाडी, म्हणजे शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये उभं राहून वजन सांगणारा माणूस. मुलगा नाशिकला खोली घेऊन राहतो, रविवारी गावी जातो. दिसायला बरा, बोलायला मऊ. मला मऊ बोलणाऱ्यांची धास्ती वाटते. एकतीस वर्षांत जे सप्लायर मला जास्त वाकून नमस्कार करायचे, त्यांचाच माल मला जास्त वेळा परत पाठवावा लागला.

त्याला घर दाखवताना स्नेहाने मुद्दाम माझ्या टेबलापाशी आणलं. मी ट्रक चालू केला आणि पहिल्याच वळणावर अश्विन म्हणाला, "टेअरिंग होतंय काका." मी खुर्चीतून वळून त्याच्याकडे पाहिलं. माझ्याशिवाय ती चीर पहिल्याच नजरेत पकडणारा हा पहिला माणूस. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आणि लगेच दुसरा विचार आला, की स्नेहाने याला आधीच पढवून ठेवलं असेल.

"कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड चित्रं काढतं आणि स्क्रीन ती दाखवते," तो म्हणाला. "स्क्रीनचा वेग ठरलेला, सेकंदाला साठ वेळा. कार्डाचा वेग मात्र कमीजास्त होत राहतो. स्क्रीन वरून खाली चित्र दाखवत असताना मध्येच नवीन चित्र आलं, की वरचा भाग जुना राहतो आणि खालचा नवा येतो."

"म्हणजे कन्व्हेअरचा पट्टा आपल्या वेगाने पळतोय आणि माल भरणारा हेल्पर आपल्या वेगाने," मी म्हणालो. "अर्ध्या खोक्यात एक माल, अर्ध्यात दुसरा."

"एकदम बरोबर काका. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकचा मॉनिटर असला की कन्व्हेअर हेल्परसाठी थांबतो. चित्र पूर्ण झालं की मगच स्क्रीन बदलते." मग तो म्हणाला की दुकानात असा एक मॉनिटर आहे, तो मी काकांना आणून देतो. मी म्हणालो, भेट नको, बिल लागेल. त्याने बिल आणलं. मी ते दोनदा वाचलं. त्यात काही चूक सापडली नाही, या गोष्टीनेही मला थोडं अस्वस्थ केलं.

पुढच्या रविवारी सकाळी गावी जायच्या आधी तो मॉनिटर घेऊन आला आणि त्याने स्वतःच तो लावला. मी बाजूला उभा राहून त्याच्या हातांकडे बघत होतो. मागे वायर लावली, मेनूत शिरला, दोन-तीन ठिकाणी बदल केले. मी ट्रक काढला. खांब अखंड, कठडे अखंड, पुलाच्या कमानी अखंड. वळण घेतलं तर सगळा डोंगर एका तुकड्यात वळला. रोहिणी सांगते की माझं तोंड उघडं होतं. त्याच दिवशी चहाबरोबर ठरलं की दोन रविवारनंतर विंचूरची मंडळी बोलणीला येतील. तो गेला, मी कचरा आवरला, खोकं माळ्यावर टाकलं, टेबल पुसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चीर परत आली.

माझ्या मनात पाल चुकचुकली नाही, ती आधीपासून चुकचुकतच होती, आता तिने आवाज चढवला. ही गोष्ट मला नवी नव्हती. सप्लायर पहिल्यांदा सँपल आणतो ते चोख. साहेब, बघा, हात लावून बघा. तुम्ही सही करता. मग मागून गाडी येते तिच्यात माल वेगळाच. त्याच्यासमोर चालतं आणि तो गेल्यावर चालत नाही, याला माझ्याकडे एकच अर्थ होता. मी वही काढली. तारीख, वेळ, कोणत्या वळणावर, किती चिरा. मोबाइलवर चित्रफीत काढली. रोहिणी म्हणाली, "तुम्ही पुन्हा ड्युटीवर गेलात वाटतं." मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

मंगळवारी अश्विनला फोन केला. तो म्हणाला, "सेटिंगमध्ये जाऊन बघा काका, अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक चालू दिसेल." त्याने सांगितलं तिथे गेलो. यादीत तो पर्यायच नव्हता.

"असं कसं होईल. मी स्वतः चालू केलं होतं."

"तू केलं असशील. इथे नाही."

"तुम्ही काही हलवलं का काका?"

"मी इन्स्पेक्शनचा माणूस आहे. चालू सेटिंगला मी हात लावत नाही."

"मागची वायर घट्ट बसलीय ना?"

मी वाकून पाहिलं, दाबून पाहिलं. "घट्ट आहे."

तो म्हणाला, "मग पीसच खराब निघाला असेल. दुकानात गर्दी आहे, नाहीतर मी आत्ता आलो असतो. दुसरा पाठवतो, पहिला तिथेच राहू द्या, मी येऊन नेईन." इतक्या पटकन तयार झाला, याचंही मला नवल वाटलं. ज्याला आपला माल चांगला आहे याची खात्री असते तो भांडतो. हा भांडला नाही, म्हणजे याला आधीच माहीत होतं.

बुधवारी स्नेहा रक्तपेढीतून येताना स्कूटरवर पायांपाशी दुसरं खोकं घेऊन आली. मी स्वतः जोडणी केली. चीर होतीच. इन्स्पेक्शनचा माझा साधा नियम आहे. एक पीस खराब निघाला तर पीस खराब. लागोपाठ दोन निघाले तर सप्लायर खराब.

रात्रीच्या जेवणाची वाट न बघता मी स्नेहाला बोलावलं आणि सांगितलं, "या मुलाला मी होल्डवर ठेवतोय." होल्ड म्हणजे कारखान्यात पिवळा टॅग. पासही नाही, नापासही नाही, तपास पूर्ण होईपर्यंत माल कोपऱ्यात. तिने शांतपणे विचारलं, "मॉनिटरसाठी?"

"मॉनिटरसाठी नाही. जो माणूस समोर एक करतो आणि मागे दुसरं निघतं, त्याच्या घरात तू आयुष्य काढणार आहेस. उद्या काय काय निघेल कोणाला माहीत. कुठेतरी पाणी मुरतंय."

"पप्पा, तुमच्याकडून आजपर्यंत एक तरी माणूस पास झालाय का?"

मी म्हणालो, तुझी आई झाली. रोहिणी आतून म्हणाली की मला अजून सर्टिफिकेट मिळालेलं नाही. एरवी आम्ही तिघं हसलो असतो. त्या दिवशी स्नेहा हसली नाही, ताट न वाढून घेता खोलीत गेली. मला वाईट वाटलं, पण वाईट वाटतं म्हणून माल पास करायचा नसतो, एवढं मला माहीत होतं.

शुक्रवारी सकाळी मी खरी चूक केली. रोहिणीला म्हणालो, विंचूरला फोन करून पुढच्या रविवारची बोलणी पुढे ढकल. ती म्हणाली, "तुमचा संशय, तुम्हीच करा फोन." मग मीच केला.

"जय भीम पुंजाभाऊ. किशोर पगारे बोलतोय, नाशिकहून."

"जय भीम, जय भीम. बोला साहेब. आमी पुढच्या रविवारची वाटच पाह्यतोय. आमची लंकाबाई तर आत्तापासून साडी काढून बसलीय." लंकाबाई म्हणजे अश्विनची आई. मागून गोण्या आपटल्याचा आणि लिलावाचा गलका ऐकू येत होता.

"रविवारचं जरा राहू द्या."

"का हो? कोणी आजारी हाय का?"

इथे मला आजारपणाचं निमित्त सांगता आलं असतं. पण मला खोटं बोलायची सवय नाही, असा माझा समज होता. मी म्हणालो, "स्पष्टच सांगतो. तुमचा मुलगा माल एक दाखवतो आणि देतो दुसराच. मला ते पटलेलं नाही."

मग पुंजाभाऊ म्हणाले, "तुमी तपासून पाह्यलं आसंल."

"दोनदा."

"मंग बरोबरच आसंल," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी रोहिणीला म्हणालो, बघ, बापानेही एका शब्दाने बाजू घेतली नाही, म्हणजे त्यालाही मुलाचे गुण माहीत असणार. रोहिणी माझ्याकडे अशी बघत राहिली की मी उठून खिडकी लावली. शनिवार गेला, रविवार गेला. स्नेहा कामावर जात होती, येत होती, विचारलं तेवढंच बोलत होती. तिचे डोळे सुजलेले होते. मी ट्रक काढायचो, पण माझं लक्ष रस्त्यावर नसायचं, मी चिरा मोजत बसायचो. आणि खरं सांगायचं तर चीर दिसली की मला बरं वाटायचं. आपण बरोबर आहोत याचा तो पुरावा होता.

सोमवारी संध्याकाळी पाचला अश्विन आला. न बोलावता. बूट पुन्हा सरळ लावले. चेहरा उतरलेला होता, पण आवाज तसाच मऊ. "काका, एकदा मला बघू द्या. मग दोन्ही पीस घेऊन जातो."

मी म्हणालो, बघ. आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलो. या वेळी त्याचा हात कुठे जातो ते सोडायचं नाही असं ठरवलं होतं. तो खाली बसला, मॉनिटरच्या मागे डोकं घातलं आणि तसाच थांबला. कितीतरी वेळ. मग त्याने मान बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "काका, थोडं पाणी मिळेल?"

रोहिणी देवळालीला बहिणीकडे गेली होती, स्नेहा यायची होती. मला स्वयंपाकघरात जावं लागलं. माठातून पाणी घेऊन परत आलो तर तो खुर्चीत बसून सेटिंगमध्ये काहीतरी करत होता. पाणी प्यायला, उठला आणि म्हणाला, "चालवून बघा."

मी ट्रक काढला. घाटाचं वळण घेतलं. सगळं अखंड. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. एक चीर नाही.

"काय होतं?"

"सेटिंग राहिलं होतं काका. चूक माझीच. सॉरी." त्याने पहिला मॉनिटर खोक्यात भरला, खोकं उचललं, "येतो" म्हणाला आणि गेला. चहाला थांबला नाही.

आता माणूस चूक कबूल करून गेला की साध्या माणसाचं समाधान होतं. माझं झालं नाही. सेटिंग राहिलं होतं, तर पहिल्या दिवशी चाललं कसं? फोनवर पर्याय यादीत दिसत का नव्हता? आणि पाणी नेमकं तेव्हाच का लागलं? हा माणूस आत्ता माझ्यासमोर खोटं बोलला, याची मला पक्की खात्री झाली. मी टॉर्च घेतला आणि गुडघे टेकून टेबलामागे शिरलो.

मॉनिटरला एक काळी, जाड, नवी वायर होती. तिचं टोक वेगळ्याच आकाराचं होतं. आणि टेबलाच्या पायापाशी, नीट गुंडाळून, रबर लावून ठेवलेली होती आमच्या जुन्या सेट टॉप बॉक्सची करडी वायर. आठ दिवस मॉनिटरला तीच लागलेली होती. ती मीच लावली होती.

हे मी तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं आहे हे मलाच तेव्हा वाटलं नव्हतं. कारखान्यात मास्टर गेज, म्हणजे माप तपासायचं मूळ साधन, रोजच्या वापराला काढत नाहीत. मास्टर तेलाच्या कागदात गुंडाळून कपाटात राहतो आणि काम चालतं साध्या गेजवर. ओरिजिनल झिजू द्यायचं नाही. एकतीस वर्षं हे केल्यावर हाताला वेगळं सुचत नाही. आमच्या टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये आहे, मिक्सरचं मोठं भांडं अजून कागदात आहे. त्या पहिल्या रविवारी अश्विन गेल्यावर कचरा आवरताना मी मॉनिटरची नवी वायर काढली, पिशवीत घातली, पिशवीला टेप लावला, वर मार्करने तारीख घातली आणि कपाटात ठेवली. तिच्या जागी दुसऱ्या खोबणीत जुनी करडी वायर लावली. चित्र दिसत होतं. चित्र दिसल्यावर अजून काय पाहिजे, असं वाटलं. त्या जुन्या वायरीतून कार्ड आणि स्क्रीन एकमेकांसाठी थांबू शकत नव्हते, हे मला कुठे माहीत. दुसऱ्या पीसची वायर तर मी पिशवीतून काढलीसुद्धा नव्हती. अश्विनने फोनवर विचारलं होतं, वायर घट्ट आहे का. घट्ट होती. कोणती आहे, हे त्याने विचारलं नव्हतं, आणि जेवढं विचारलं तेवढंच उत्तर द्यायची मला सवय.

कपाट उघडलं. दोन पिशव्या शेजारी शेजारी, दोन्हींवर माझ्या अक्षरात तारखा. मॉनिटरला लागलेली वायर त्याने स्वतःच्या बॅगेतून आणली होती.

मला लाज वाटायला हवी होती. पण पहिल्यांदा आला तो राग. तो मला तोंडावर पाडू शकला असता, त्याने तेही केलं नाही. उलट मला पाणी आणायला पाठवून गुपचूप सगळं निस्तरून गेला, जसं काही मी लहान मूल आहे. स्नेहा आली तेव्हा मी दोन्ही पिशव्या आणि ती करडी वायर जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवली होती.

"बघ," मी म्हणालो. "सेटिंग राहिलं म्हणाला. खोटं. धडधडीत खोटं बोलला तो."

तिने पिशवी उचलली, तारीख वाचली. "हे अक्षर तुमचं आहे."

"ते आहेच. पण खोटं बोलला ना?"

"हो, बोलला. मला आत्ताच फोनवर सांगितलं त्याने." ती खुर्चीत बसली. "काल तो विंचूरला गेला होता. त्याचे आण्णा त्याच्याशी बोलले नाहीत. ताटावर समोर बसून एक शब्द नाही. त्याची आई रडत होती. त्याला कळेचना काय झालं. शेवटी आईने सांगितलं की तुम्ही फोन केला होता, माल एक दाखवतो आणि देतो दुसराच म्हणून. तिथे पूर्ण मार्केट आण्णांच्या वजनावर चालतं पप्पा. त्यांच्या मुलाबद्दल हे बोललात तुम्ही." "आज वायर बघितल्यावर तो तुम्हाला तिथेच सांगू शकला असता. मग मला तुमच्या दोघांमध्ये उभं राहावं लागलं असतं. त्याला ते नको होतं. आता तुम्ही सांगा, लाल टॅग कोणाला लावायचा?"

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. मी टेबलावरची वायर उगाच सरळ करत राहिलो. मला माझीच किळस आली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, की ही मुलगी आता या घरात काही सांगायची नाही.

मंगळवारी सकाळी आठला, मार्केट भरायच्या आत, मी विंचूरला फोन लावला. रोहिणी परत आली होती, ती आणि स्नेहा आत ऐकत होत्या हे मला माहीत होतं.

"पुंजाभाऊ, पगारे बोलतोय. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. अश्विनचा माल चोख होता. वायर मी बदलली होती. त्याची काही चूक नव्हती."

"त्यो तर काल फोनवर मला म्हनला, आण्णा, माझीच चूक व्हती."

"खोटं बोलला. माझं झाकायला."

या वेळी मागे गलकाही नव्हता, त्यामुळे मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"तीस वर्सं मापाडी हाय मी," ते म्हणाले. "काटा सोता पाह्यल्याबिगर कधी वजन बोललो नाय. शेतकऱ्याचं नाय, व्यापाऱ्याचं नाय. अन् तुमी एक शब्द बोलले, तर मी माझ्या पोराला इचारलं बी नाय. म्हनलं एवढ्या मोठ्या कंपनीत तपासायला व्हते, यांचं कसं चुकंल."

मी म्हणालो, "मला माफ करा. तुम्ही ठरल्याप्रमाणे या रविवारी यावं अशी माझी विनंती आहे."

"येऊ," पुंजाभाऊ म्हणाले. "पन पोरीसाठी येऊ, पगारे साहेब. तुमच्यासाठी नाय."

फोन ठेवला तेव्हा स्नेहा दारात येऊन उभी होती. काय म्हणाले, तिने विचारलं.

"येतायत रविवारी."

"अजून?"

नुसतं तेवढंच सांगून मोकळं होता आलं असतं. मी तिला पुढचंही वाक्य सांगितलं, जसंच्या तसं. तिने ते ऐकून घेतलं. "बरोबर बोलले," ती म्हणाली, आणि अश्विनला फोन करायला गच्चीवर गेली.